थोरल्या काकांची नळी

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या घराला दोन खिडक्या आहेत. एकीतून समोरच्या बिल्डिंगचे सांडपाण्याचे पाइप दिसतात आणि दुसरीतूनही तेच दिसतात. आत्या अंथरुणाला खिळल्यापासून माझं जग एवढंच झालंय. तिच्याजवळ बसायला एक बाई सकाळी थोडा वेळ येते, तेवढ्यात मी दूध, औषधं आणि भाजी उरकून घेतो. लग्न मी केलं नाही, नोकरी संपली, आणि आईबाप गेल्यावर मला वाढवलं ते आत्यानेच. त्यामुळे तक्रार करायला मला तोंड नाही. तरी मी मनातल्या मनात भरपूर करतो.

अशा जागेला खिळलेल्या माणसाने बुडालेली आगबोट शोधायला घेतली, यावर माझं मलाच हसू यायचं.

आत्याचे वडील, म्हणजे माझे आजोबा, रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून आगबोटीवर खलाशी म्हणून गेले आणि मोठ्या लढाईच्या दिवसांत परत आलेच नाहीत. मेल्याची खबरही आली नाही. त्यामुळे आजी मरेपर्यंत कुंकू लावत राहिली. ती गेल्यावर आत्या तिच्या फोटोला रोज बोटाने कुंकू लावायची. आता आत्याचा हात तिथवर पोचत नाही, म्हणून ते काम माझ्याकडे आलंय.

"बाबा कुठं गेला ता एकदा कळू दे," आत्या म्हणायची. "मग मी सुटले."

ती सुटली की मीही सुटणार, हा विचार मनात यायचा आणि मला स्वतःचाच राग यायचा. मग मी कॉम्प्युटर उघडायचो.

जुन्या जहाजांचे कागद जगभर विखुरलेले असतात हे मला तेव्हा कळलं. बोटीवर चढलेल्यांच्या याद्या एका देशात, बोटींच्या रोजनिश्या दुसरीकडे, बुडालेल्यांची नोंद तिसरीकडे. परदेशातली एक कचेरी लिहायची, कागद आहेत, प्रत्यक्ष येऊन पाहावेत. मुंबईतल्या कचेरीत फोन केला तर तिथला माणूस म्हणाला, "सकाळी या, दिवसभर बसा, मिळालं तर मिळालं." मीरा रोडहून फोर्टला जाऊन दिवसभर बसायचं, तर इथे आत्याला पाणी कोण देणार? मी फोन ठेवला आणि तिची कूस बदलायला उठलो.

तेव्हा जे घरबसल्या दिसेल तेवढंच पाहायचं. आजोबांचं नाव मी सगळ्या तऱ्हांनी घालून पाहिलं. साहेबांच्या कारकुनांनी आपल्या नावांची काय दशा केली असेल ते ओळखून अक्षरं फिरवली, आडनाव वगळलं. आजोबा कुठेच नव्हते. रोज संध्याकाळी आत्या विचारायची, "लागला काय पत्ता?" आणि मी म्हणायचो, "शोधतोय."

शेवटी नाव सोडून मी नुसतं गावाचं नाव घातलं. बोटीवरचा मुकादम, म्हणजे सारंग, आपल्याच गावची माणसं भरायचा, तेव्हा आजोबा नाही तर त्यांच्याबरोबरचा कोणी तरी सापडेल, असा हिशोब होता. यादी उघडली. आमचं गाव, बापाच्या रकान्यात आमच्या पणजोबांचं नाव, पण खलाशी म्हणून आजोबांच्या थोरल्या भावाचं नाव. शेरा होता : बोट बुडाली, बेपत्ता, मृत समजावे.

मी भडकलोच. हे आत्याचे थोरले काका तिला खांद्यावर घेऊन फिरले, आजोबांच्या माघारी त्यांनीच घर चालवलं आणि म्हातारे होऊन आमच्या पडवीत मेले. मी त्या कचेरीला खरमरीत ईमेल पाठवला. त्यांचं सभ्य उत्तर आलं, की नोंद बोटीवर चढताना खलाशाने दाखवलेल्या कागदावरून केलेली आहे.

"बघ यांचा कारभार," मी आत्याला म्हणालो. "थोरल्या काकांना बुडवून मोकळे झालेत."

आत्या छताकडे बघत सहज म्हणाली, "काकाची नळी बाबाने नेलेली ना."

नळी म्हणजे खलाशाचा परवाना. पत्र्याच्या नळीत ठेवायचे, म्हणून ते नाव. काका तापाने पडले होते, सारंगाला माणूस हवा होता, आणि दोघे भाऊ तोंडावळ्याने सारखे. आजोबांनी भावाची नळी उचलली आणि गेले. गावात असं सर्रास चालायचं, शेजाऱ्याची छत्री न्यावी तसं. आत्याला ते लहानपणापासून ठाऊक होतं. पण यात सांगण्यासारखं काही आहे, हे तिला कधी वाटलंच नाही.

बुडाले होते ते आजोबाच. म्हणजे घरी खबर आली असणार. काकांच्या हातात काकांच्याच मरणाचा कागद पडला असणार. मी जिवंत आहे, गेला तो भाऊ, असं घरात जरी म्हणावं तरी ते बाहेर फुटून खोट्या नावाने भाऊ पाठवल्याचा गुन्हा, आणि गप्प बसावं तर भावजय जन्मभर वाट बघणार. ते गप्प बसले.

आत्याला हे सांगावं की नाही, हे मला ठरवता येईना. सांगितलं तर तिला बाप सापडणार आणि ज्याने बापाची माया दिली तो काका जाणार. दोन दिवस मी "शोधतोय" म्हणत राहिलो. तिसऱ्या दिवशी मला ते झेपेना. तिच्या उशाशी बसून सगळं सांगितलं.

आत्या म्हणाली, "आई हळदीकुंकवाला जायला निघाली की काका पडवीतून उठून जायचा. आम्हाला वाटायचं, बायकांच्या गोंधळाला कंटाळतो."

मी विचारलं, कागदावरचं नाव बदलून घेऊ का, खटपट केली तर होईल. तिने मान हलवली.

"नको. बाबा काकाच्या नावावर मेला, तसाच राहू दे." मग आजीच्या फोटोकडे बोट करून म्हणाली, "आणि तिच्यासमोर बोलू नको यातला काही. कुंकू लावलंस काय आज?"

मी उठलो आणि करंडा उघडला.