सुनंदाची जोडवी आणि मेंदूचा फोटो

सावनेर ते नागपूरची धंतोली, जाऊन-येऊन: पेट्रोल पाचशे, पार्किंग पन्नास, तर्रीपोहे दोन प्लेट ऐंशी. मेंदूचा स्कॅन फुकट, कारण तो संशोधनाचा. खरी किंमत सुनंदाच्या पायाने मोजली.

माझं मोटर वाइंडिंगचं दुकान. मीटरवर दिसला तर बिघाड, नाही तर गिऱ्हाइकाचा वहम. बायकोचा, सुनंदाचा, डावा घोटा दोन वर्षांपूर्वी मोडला. हाड जुळलं, पायाची आग राहिली. रिपोर्ट सगळे नॉर्मल. वहिनी म्हणते नाटक. मी बोललो नाही, पण माझा मीटरही तेच सांगत होता. धंतोलीत वेदनेच्या अभ्यासाला दुखणारे हवेत आणि तुलनेला धडधाकटही, हे कळल्यावर सुनंदाच म्हणाली, "चाला. फोटोत दिसलं तं तुमी मानान तरी."

धडधाकटांत मी नाव दिलं. बोटाला टाके पडले तेव्हा भुलीची सुई घेतली नव्हती, हे गाडीत तिला पाटणसावंगी ते कोराडी दोनदा ऐकवलं. ती खिडकीबाहेर पाहत होती.

नऊच्या आत पोहोचा, नंतर धंतोलीत सायकल उभी करायलाही जागा नसते. गल्लीच्या तोंडाशी एका दवाखान्याची पाटी: 'तुमच्या वेदनेचा रंगीत पुरावा'. पासपोर्ट फोटो दोन तासांत मिळतात, तसा थाट.

आम्ही पुढे, अभ्यासाच्या इमारतीत गेलो. अंगावर धातू चालत नाही. मंगळसूत्र निघालं, पण डाव्या पायाची जोडवी लग्नापासूनची, बोट सुजलेलं. नर्स म्हणाली, कापू. "कापाची नाही," सुनंदा म्हणाली. "साबण लावा न् ओढा तुमी." ज्या पायावर ती चादर सहन करत नाही, तो मी धरून ओढला. तिने खुर्चीचा दांडा पकडला. जोडवी निघाली, मी खिशात टाकली.

मग आळीपाळीने दोघं त्या ठोकठोकणाऱ्या बोगद्यात. हातावर पट्टी तापते, सहन होईना तर घंटी दाबायची.

नंतर डॉक्टर मॅडमनी पडद्यावर मेंदूचा मधला भाग दाखवला, थॅलॅमस. अंगभरच्या खबरा तिथे येतात, तिथून पुढे वाटल्या जातात. आमच्या भाषेत विजेच्या वाटपाचा डीबी बॉक्स.

"माहं दुखणं दिसून राहिलं का?" सुनंदाने विचारलं.

"एकट्या फोटोवरून ते सांगता येत नाही, ताई. बऱ्याच जणांचे एकत्र करून आम्ही शिकतो."

"मंग एवढं मशीन कायले?" मी म्हणालो. "गल्लीतला तं पुरावा देऊन राहिला."

"तो पुरावा नाही. दुखतं का, ते यांनाच विचारायचं. तुम्ही विचारलंत कधी?"

दोन वर्षांत नाही. गाडीत बसल्यावर विचारलं, "किती दुखते वं?" कोराडी गेली, पाटणसावंगी गेली, सावनेर आलं तरी तिचं सांगणं संपलं नव्हतं.

घरी वहिनी दारातच. "काय निघालं फोटोत?"

जोडवी अजून माझ्या खिशात होती. मी सांगितलं ते एवढंच: सुनंदा चाळीस मिनिटं हलली नाही, तिचा स्कॅन ठेवून घेतला. माझा बाद झाला. मी पाचव्या मिनिटाला घंटी दाबली होती.