ग्रहण, तुळस आणि माशांचा हौद

“ग्रहण सुटलं की हौद पार रिकामा कर,” आजी म्हणाल्या. मी कपाळाला हात लावला.

रत्नागिरीत एका वकिलांच्या बागेत माशांचा चिरेबंदी हौद होता. त्याचं पाणी बदलणं हे माझं काम. पाणी सगळं एकदम बदलायचं नसतं. थोडं काढायचं, थोडं भरायचं. विहिरीचं गार पाणी एकदम पडलं की मासे उलटे होतात. पावसाळ्यात बदलावं लागत नाही, पण हौद भरून वाहतो आणि मासे बाहेर जातात, म्हणून तोंडाशी फडकं बांधायचं. थंडीत आठवड्याला चार कळश्या पुरतात. उन्हाळ्यात मात्र रोज उपसा, आणि नेमकी तेव्हाच विहीर तळाला जाते.

वकीलसाहेबांनी ते तांबडे मासे मुंबईहून बोटीने आणलेले. केससाठी चिपळूणला जाताना बजावून गेले होते, “टँकमधला एक मासा मेला तरी कामावर येऊ नकोस.” आणि इकडे त्यांच्या आईचा हा हुकूम. वैशाखातलं सूर्यग्रहण. ग्रहणातलं पाणी घरात ठेवत नाहीत, हंडे-कळश्या सगळं ओतून टाकतात.

“आजी, मासे मरतील.”

“मग ग्रहणाच्या पाण्यात ठेवायचे काय गो त्यांना?”

“पिण्याच्या पाण्यात तुळशीचं पान घातलं की ते चालतं ना? हौदातही घालू.”

आजींनी विचार केला. “चालेल. पण घागरीला एक पान, तर एवढ्या हौदाला किती?”

“एकच पुरे.”

“तू मला शास्त्र शिकवू नको.”

अमावास्येला तुळस तोडत नाहीत, म्हणून घरभर घालायला आदल्या दिवशीच टोपलीभर तोडून ठेवली होती. स्वयंपाकघरापुरती काढून उरलेली टोपली त्यांनी स्वतः हौदात पालथी केली.

ग्रहण सुटलं. आजी खूश.

पण वैशाखाचं ऊन ते. मी पानं काढायला गेले की आजी ओरडत. दोन-तीन दिवसांत ती कुजली, पाण्याला वास सुटला, मासे वर येऊन तोंडं वासायला लागले. आजी दुपारी झोपल्या की मी पानं गाळत होते. सकाळ-संध्याकाळ त्या देवापुढे बसल्या की थोडं थोडं पाणी बदलत होते. रहाट ओढून खांदे भरून आले.

वकीलसाहेब परतले तेव्हा मासे नीट पोहत होते.

“तुळशीने राखले हो,” आजी त्यांना म्हणाल्या. “पाणी बदलावंसुद्धा लागलं नाही.”

नोकरी राहिली होती. मी कळशी घेऊन विहिरीवर गेले.

पुढच्या ग्रहणाला आजींनी विचारलं, “हौदात तुळस घातलीस?”

“घातली.”

किती, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.