मातीला पहिला, मांडवाला नाही

नरसय्या शाळेच्या दारात येऊन उभा राहिला तेव्हा मी फळ्यावर त्रैराशिकाचं उदाहरण घालत होतो. नरसय्या आमच्या बोळातला विणकर. हातातला धोटा टाकून तो दिवसाउजेडी कधी माग सोडत नाही, त्यामुळे त्याला पाहताच कळलं की बोळात कुणीतरी गेलं. "मास्तर, चला," एवढंच तो म्हणाला. मी खडू ठेवला, हात झटकले, पोरांना गप्प बसायला सांगितलं आणि कोण गेलं हे विचारायच्याही आधी, इतक्या वर्षांच्या सवयीनं बोलून गेलो, "आधी बापूला निरोप धाडलात का?" नरसय्या म्हणाला, "मास्तर, बापूच गेला की."

ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. बोळात पोचलो तर समजलं, कोपऱ्यावरच्या म्हातारीनंही रडण्याचा आवाज ऐकून "बापूला बोलवा रं आधी" म्हणत आपल्या सुनेला पिटाळलं होतं. सून बापूच्याच दारात येऊन थबकली होती. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि पंचेचाळिशीही न गाठलेला, सहा फूट उंचीचा हा माणूस आपल्या खोलीत शांतपणे झोपला होता. बाहेर आम्ही दहाबारा जण बांबू आणि सुंभाची गुंडाळी समोर ठेवून एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो. आमच्या बोळात कुणाच्याही मयताला तिरडी बांधली ती बापूनं. आता त्याचीच कुणी बांधायची?

बापू मूळचा वेळापूरचा. देवीच्या साथीत आईबाप गेले, तो वाचला, आणि सोलापुरात आमच्या शेजारी राहणाऱ्या त्याच्या आत्याकडे आला. वाचला म्हणजे जीव वाचला. चेहऱ्याची मात्र देवीनं पार दैना करून टाकली होती. कपाळापासून हनुवटीपर्यंत बोटभर जागा अशी नव्हती की जिथे वण नाही. नाकाचा शेंडा बसलेला, आणि डाव्या डोळ्यात फूल पडून तो पांढरा झालेला. पहिल्यांदा पाहणारा माणूस नजर खाली वळवी. लहान पोरं आईच्या पदराआड जात. बापू स्वतःच हसून म्हणायचा, "देवीनं माझ्या तोंडाला टाकी लावलीया, जात्यागत. दळण लई बारीक पडंल आता." पण थट्टा करणाऱ्या या माणसाच्या खोलीत एक आरसा होता, आणि तो रोज सकाळी त्याच्यासमोर बसून गुळगुळीत दाढी करी, मिशीला कात्री लावी, धुतलेला सदरा घाली. आमच्या आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, याचं फार हसू येई. मी एकदा बापूला आरशाबद्दल विचारलं, तर म्हणाला, "आरशाचं नि माझं भांडान न्हाय मास्तर. त्यो रोज बघतो, कवा मागं फिरला न्हाय."

मागं फिरणारी माणसं मात्र गल्लोगल्ली होती. कामाला निघताना एकाक्ष समोर आला तर पाऊल उंबऱ्याआत घ्यायचं, चूळ भरायची, घटकाभर टेकायचं आणि मग निघायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता. बापूला तो पाठ झाला होता. कुणी पिशवी घेऊन गावाला निघालेलं दिसलं की तो स्वतःच रस्त्याच्या कडेला सरके आणि भिंतीकडे तोंड करून उभा राही. जाणारा पुढे गेला की हा परत आपल्या वाटेला लागे. परीक्षेला निघालेल्या पोरांसाठी, सोयरिकीला निघालेल्या बापांसाठी, सगळ्यांसाठी तो असा भिंतीकडे वळला. मीही नोकरीसाठी पहिल्यांदा अर्ज घेऊन निघालो तेव्हा बापूची पाठच पाहिली आणि सरळ पुढे निघून गेलो. त्यात काही वावगं आहे असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

शाळेत तो माझ्या शेजारी बसे, चौथीपर्यंत. दिपोटी, म्हणजे सरकारी तपासनीस, शाळा पाहायला आले की आमचे मास्तर बापूला नकाशांच्या खोलीत बसवत. पुढे गिरणीत लागला, कापडाचे गठ्ठे बांधायच्या खात्यात. तिथे त्याच्या हाताला तोड नव्हती. पण माणसाला पोट भरून उरतंच काहीतरी. त्याला माणसांत बसायचं होतं. भजनी मंडळात गेला तर त्याला खांबाआड टाळ दिला. गणपतीच्या मेळ्यात गेला तर पेट्रोमॅक्सला हवा भरायचं काम मिळालं, तेही पडद्यामागं. कुणी हाकलून दिलं नाही हो... पण कुणी पुढेही बसवलं नाही. आमच्या घरी मात्र एक जीव होता ज्याला त्याचं तोंड कधी वेगळं वाटलंच नाही. माझी धाकटी बहीण वच्छी. संक्रांतीला भरणाऱ्या गड्ड्याच्या जत्रेत ती बापूच्या खांद्यावर बसून, त्याचे दोन्ही कान लगामासारखे धरून हिंडायची. एवढ्या उंचावरून सगळी जत्रा तिलाच काय ती दिसायची.

तिरडीचं असं झालं. ऐन उन्हाळ्याच्या दुपारी बोळातला एक म्हातारा गेला. बांधणाऱ्यांना काही जमेना. दोरी घसरे, बांबू वाकडे होत, घरच्या बायकांचा आकांत वाढत चाललेला. समोरच्या भिंतीला टेकून बापू बघत होता. तो न बोलावता आला, खाली बसला आणि गठ्ठे बांधण्याच्या हातानं भराभर गाठी मारून मोकळा झाला. त्या दिवसापासून तो बोळाचा झाला, निदान मातीपुरता. कुणाच्या घरी असं काही घडलं की पहिला निरोप बापूला. तो गिरणीतून सुटी घेऊन येई. पुढच्या डाव्या खांद्याला तोच, आणि बाकीचे बुटके म्हणून गुडघ्यात वाकून चाले, म्हणजे तिरडी तिरपी होऊ नये. कालपर्यंत ज्यांनी त्याला पाहून चूळ भरली ते लोक त्याच्या छातीवर डोकं टेकून रडत. तो त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राही. दहाव्यानंतर कधीतरी तीच माणसं गावाला निघत आणि बापू पुन्हा भिंतीकडे वळे.

एकदा स्मशानातून परतताना तो मला म्हणाला, "मातीला बोलवत्यात मास्तर. मांडवाला कोन बोलवत न्हाय." तक्रारीचा सूर नव्हता. थोडं चालून मग म्हणाला, "वच्छीच्या लग्नात मातुर मी मांडवात असनार. तिच्या डोक्यावर अक्षता टाकायच्या हायती मला. एवढं एकदा झालं की बास." मी म्हटलं, अरे, तुझ्याशिवाय का लग्न होणार आहे तिचं!

आता जे लिहायचं आहे ते लिहिताना हात अडतो. पण ते वगळून बापूविषयी बाकीचं लिहिणं म्हणजे लबाडी होईल. वच्छीचं लग्न ठरलं, वऱ्हाड बार्शीकडचं, माणसं करारी. लग्नाच्या आदल्या दिवशी आप्पांनी मला मागच्या दारी बोलावलं आणि सांगितलं की वऱ्हाड येण्याच्या वेळी बापू दारात नको. व्याही शकुन-अपशकुन फार पाहतात, पोरीचा जन्माचा प्रश्न आहे. त्याला सांगायचं कसं, हे मी पाहावं. मी तेव्हा मास्तर झालो होतो, पोरांना खरं बोलावं म्हणून शिकवत होतो. नाही म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

लग्नाच्या दिवशी उजाडताना बापू आला. अंगात नवा सदरा, डोक्याला गुलाबी फेटा. हळदीनं माखलेली वच्छी दारात आली आणि अक्षतांच्या परातीतून कुंकवानं रंगवलेली मूठभर ज्वारी घेऊन, आपल्या जुन्या खणाच्या चिंधीत घालून तिनं त्याच्या हातावर ठेवली. म्हणाली, "बापूदादा, सगळ्यांच्या आधी तुझ्या पडल्या पाहिजेत." त्यानं चिंधीला गाठ मारून पुरचुंडी सदऱ्याच्या खिशात ठेवली. आणि मग मी पुढे झालो. सांगितलं की पंगतीला केळीची पानं कमी पडताहेत, सीना नदीकाठच्या मळ्यातून आणायला हवीत, तुझ्याशिवाय भरवशाचा माणूस नाही, गाडी जुंपून ठेवलीय. बापूनं माझ्याकडे पाहिलं. उजव्या, चांगल्या डोळ्यानं. "मुहूर्त दुपारचा हाय न्हवं?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, हो, येशील तोवर. एवढ्या लांबून तोवर येणं शक्य नाही हे मला ठाऊक होतं. त्यानं फेटा उतरवला, धूळ लागू नये म्हणून धोतराच्या फडक्यात गुंडाळला आणि गाडीत बसला.

तो परत आला तेव्हा मंगलाष्टकं होऊन तास उलटला होता. बोळाच्या तोंडाशी त्यानं पुन्हा फेटा बांधलेला होता. पानांचे भारे उचलून तो मागच्या खोलीत ठेवायला गेला, मी त्याच्या मागोमाग, आणि तिथे कोपऱ्यात पत्रावळींची चळत छातीएवढी रचलेली होती. आठ दिवस आधी आणून ठेवलेली. ती झाकून ठेवायचं माझ्या ध्यानात राहिलं नव्हतं. बापूनं ती चळत पाहिली. मग भारा खाली ठेवत हलक्या आवाजात म्हणाला, "पानं ताजी हायती मास्तर, तीच मांडा आज. पत्रावळी उद्याला व्हतील." आणि ओल्या पोत्यानं पानं झाकू लागला.

वच्छी सासरी जाताना त्याच्यावर रुसली. तू माझ्या अक्षतांना नव्हतास, म्हणाली. मी तिथेच उभा होतो. बापूनं सांगितलं, "वाटंत बैल अडला गं. हलंच ना." वऱ्हाड निघालं, तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. त्यानंतर वच्छी माहेरी आली की बापूला त्या बैलावरून टोमणा मारल्याशिवाय राहत नसे, आणि तो हसून ऐकून घेई. मी दर वेळी ठरवी, आज सांगून टाकू. दर वेळी चहा येई, विषय बदले.

पुढे आप्पा गेले. बापू निरोपाच्या आधीच हजर. त्या दिवशी त्यानं बांबूचं दुसरं टोक मला धरायला लावलं आणि गाठ शिकवली. एक फेरा खालून, एक वरून, आणि शेवटचं टोक मोकळं. "घट बसली पायजे, पर एका वढीत सुटली पायजे. जानाऱ्याला गुंता नको," तो म्हणाला. "शिकून ठेवा. माझ्या वक्ताला कोन हाय?" मी त्या क्षणी त्याची माफी मागायला हवी होती. आप्पा समोर होते, तोही समोर होता. मी गाठ शिकलो तेवढी.

ती गाठ मी शेवटी बापूसाठी मारली. पहिली घसरली, दुसरीही. नरसय्यानं बांबू धरला होता. त्यानं माझा हात धरून सावकाश सोडला, आणि तिसऱ्या वेळी ती बसली. बोळातली यच्चयावत माणसं आली होती. कोपऱ्यावरची म्हातारी ओरडून रडत होती. बापूला उचललं तेव्हा गावाला निघालेले दोघेजण हातातल्या पिशव्या खाली ठेवून मागे चालू लागले. कुणी चूळ भरली नाही. हे त्यानं जिवंतपणी पाहिलं असतं तर काय म्हणाला असता, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी वच्छी बार्शीहून आली. त्याची आत्या कधीच वारलेली, त्यामुळे खोली आवरायला आम्ही दोघंच होतो. खुंटीला सुंभाची गुंडाळी, भिंतीवर तो आरसा, आणि एक लोखंडी पेटी. पेटीत तळाशी गुलाबी फेटा होता, एकदाच घातलेला, आणि फेट्याच्या घडीत खणाच्या चिंधीची पुरचुंडी. वच्छीनं खण लगेच ओळखला. गाठीचं टोक धरून ओढलं, तर इतक्या वर्षांची गाठ एका ओढीत सुटली. आतल्या ज्वारीला कीड लागून निम्मा भुसा झाला होता, कुंकवाचा रंग विटून तपकिरी पडला होता. ती म्हणाली, "बैल अडला म्हणून राहिल्या गं बाई ह्या." तेव्हा मी तिला सांगितलं. आप्पांचं, गाडीचं, पत्रावळींच्या चळतीचं, सगळं. आप्पांवर ढकलून मोकळं होता आलं असतं, पण गाडी मी जुंपवली होती.

वच्छीनं मांडीवर चिंधी पसरून भुसा फुंकून उडवला, चांगले दाणे तेवढे वेचून वेगळे केले. मग त्यांची पुन्हा पुरचुंडी बांधली. बापूच्या गाठीनं नव्हे, तिच्या साध्या, घट्ट, न सुटणाऱ्या गाठीनं. ती माझ्या हातावर ठेवली आणि उठता उठता म्हणाली, "दोन-चार वर्षांत माझ्या पोरीचं लग्न निघंल. तवा हे घेऊन ये. सगळ्यांच्या आधी ह्या पडल्या पायजेत." दारापर्यंत गेली, थांबली, मागे न वळता म्हणाली, "आन् दादा, पानं आणायला कुणाला धाडू नको."

सुंभाची गुंडाळी आता माझ्या घरात खुंटीला आहे. बोळात निरोप आता मला येतात. त्याच खुंटीला ती पुरचुंडी अडकवली आहे. सकाळी शाळेला निघताना ती समोर येते. मी तिच्याकडे पाहतो आणि मगच बाहेर पडतो.