चित्रापुरतं कुलूप

टीव्हीखालच्या त्या काळ्या डबड्याची मला किळस येते, आणि ती लपवावी असंही वाटत नाही.

वडील गेले त्याच्या आदल्या वर्षी बैलगाडा शर्यतीत आमच्या बैलांनी पहिला नंबर काढला होता. मोशीतल्या रानात सोसायट्या उभ्या राहिल्या तरी वडिलांनी शर्यतीचे बैल विकले नव्हते. एका वाहिनीने त्यांची मुलाखत दाखवली. ती मी सेट-टॉप बॉक्समधून रेकॉर्ड केली, माझ्याच पेनड्राइव्हवर. ते गेल्यावर आई रोज संध्याकाळी म्हणायची, "लाव रं त्यांचं." फोटोत वडील ओळखपत्रासारखे ताठ. जिवंत दिसायचे ते त्या मुलाखतीतच.

मग बॉक्स बिघडला. कंपनीच्या माणसाने जुना नेला, नवा बसवला. आईने पेनड्राइव्ह लावायला सांगितला, तर आवाज ठणठणीत आणि चित्राच्या जागी हिरवे-जांभळे चौकोन. त्या माणसाला परत बोलावलं.

"सर, रेकॉर्डिंग चोरून दुसरीकडे कुणी चालवू नये म्हणून बॉक्स ते लॉक करतो. पण सगळं लॉक करायला गेलं तर बॉक्स हँग होतो," तो म्हणाला. "म्हणून चित्रातला मोक्याचा थोडासाच भाग लॉक करतात. तेवढ्यात काम होतं. आवाज ओपनच असतो."

"आणि किल्ली?"

"जुन्या बॉक्समध्ये. तो स्क्रॅपला गेला, सर."

सगळंच कुलूपबंद केलं असतं, तर चोरापासून राखलं असं तरी म्हटलं असतं. इथे दूध माझ्याच घरात ठेवून त्यात नेमका मिठाचा खडा टाकला. आणि चोर कोण? मी! पेनड्राइव्ह माझा, टीव्ही माझा, बाप माझा. कमीत कमी किती नासवलं की पुरतं, हे कुणीतरी पगार घेऊन शोधून काढलं असणार. शिसारी येते असल्या हुशारीची.

"आवाज आहे ना काकू, ऐकत जा," जाताना तो आईला म्हणाला.

काय ऐकायचं, कपाळ? वडील जन्माचे अबोल. बोलायचे ते बैलांशी. मुलाखतभर तोंड चालतं ते त्या निवेदकाचं.

मी पेनड्राइव्ह उपटायला वाकलो.

"असू दे," आई म्हणाली. "न्हाई काढायचा."

पडद्यावर चौकोन थरथरत होते. निवेदकाने विचारलं, "दादा, आनंद झाला का?" मग नुसती शांतता.

"आता हसलं बघ ते," आई म्हणाली.