नवरीचं तोंड बघणाऱ्या चांगुणाबाई

पिक्चर कसा बघायचा हे मी नेरूळच्या एका कॉलेजात शिकवते आणि त्याचा पगार घेते. आमच्या घरमालकीण चांगुणाबाई तेच फुकट शिकवतात आणि माझ्यापेक्षा चांगलं शिकवतात. हे कबूल करायला मला दोन वर्षं लागली, कारण शिकल्यासवरल्याची शिंगं मला जरा लवकरच फुटली होती.

जुईनगरच्या जुन्या गावात त्यांची चार मजली इमारत आहे. पूर्वी त्यांची खाडीकाठची भातशेती होती, आता भाडेकरू आहेत, त्यातली मी दुसऱ्या मजल्यावरची. पण गावात त्यांना घरमालकीण म्हणून कोणी ओळखत नाही. त्या धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात धवले, म्हणजे परंपरेची लग्नगीतं, गाऊन हळदीपासून एकेक विधी पार पाडते ती धवलारीण. तिनं गाणं सुरू केल्याशिवाय नवरीच्या अंगाला हळद लागत नाही. चाळीस वर्षं चांगुणाबाईंनी हे काम केलंय, आणि त्यांचा आवाज अजून चौथ्या मजल्यावर सहज पोचतो.

दुपारची जेवणं झाली की त्या टीव्हीवर पिक्चर लावतात. मला सुट्टी असली की मीही खाली जाऊन बसते. एकदा असाच एक गाजलेला पिक्चर लागला होता. मोठी हवेली, कडक बाप, मांडवात नको त्या मुलाशेजारी बसवलेली नायिका आणि शेवटच्या वीस मिनिटांत धावत येणारा नायक. हे असले पिक्चर म्हणजे टाइमपास, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कोट्यवधी माणसं जे पुन्हा पुन्हा बघतात त्यात काही नसतं होय? म्हणून मी लगेच शिकवायला लागले.

"मावशी, मागचा तो तडा गेलेला आरसा बघा. म्हणजे दिग्दर्शकाला सांगायचंय की या घराची प्रतिष्ठा..."

चांगुणाबाईंनी रिमोट उचलला आणि आवाज बंद केला.

"आरसा नको बघू, बाय. नवरीचा तोंड बघ."

गाणं गेलं आणि नुसती पोरगी उरली. तिनं तीनदा आईकडे पाहिलं. आईनं तीनदा पदर सारखा केला. मग नायक आला, चार जणांना लोळवलं, बापाचं मन पालटलं आणि त्यानं लेकीचा हात उचलून नायकाच्या हातात दिला.

"पोरीला कोनी इचारला?" चांगुणाबाई म्हणाल्या.

"अहो, पण तिचं प्रेम आहे की त्याच्यावर!"

"ता तुना नी मना ठाव हाय. बापानं आधी एकाला दिली, मंग दुसऱ्याला दिली. देनारा तोच."

त्यानंतर आम्ही असे कितीतरी पिक्चर पाहिले, लग्नाचा प्रसंग आला की आवाज बंद करून. नायक बदलले, हवेलीच्या जागी परदेशातला बंगला आला, पोरीच्या अंगावरचे कपडे महाग झाले. मांडवात तिला विचारणारं माणूस काही सापडलं नाही. मग एके दिवशी त्यांनी गुपित उघडं केलं.

"लग्नात गाना कशाला घालतात, ठाव हाय? पोरीचा आवाज झाकाला."

मी खूश झाले. म्हटलं, "मावशी, हे मी उद्या वर्गात सांगते." पण त्या हसल्या नाहीत.

"तोच धंदा मी पन केला, बाय. आमचे गावातले बयाबाईच्या हलदीला पोर मना नको, मना नको करून रडत व्हती. म्हातारे बायांनी मना डोला घातला. मी आवाज चढवला. माझा गला लय मोठा व्हता तवा."

बयाबाई पुढे कशी नांदली ते त्यांनी सांगितलं नाही. उठून भांडी घासायला गेल्या. मोलकरीण येऊन गेली होती आणि भांडी घासलेलीच होती, तरी त्यांनी ती पुन्हा घासली.

या गोष्टीला सहा महिने होतात न होतात तोच त्यांच्या नातीचं, मनस्वीचं लग्न ठरलं. मनस्वी तुर्भ्याच्या एका औषध कंपनीत केमिस्ट आहे. पांढरा कोट घालून आरशासमोर काढलेला फोटो तिनं सगळ्या गावाला दाखवला होता. मुलगा कुंदन, दिसायला देखणा, घरचं चांगलं. बैठकीत त्याची आई गोड आवाजात म्हणाली, "सुनेनं कंपनीत जायची आमच्याकडे पद्धत नाही. तिला काय कमी आहे?" मनस्वीचा बाप ज्ञानू, म्हणजे चांगुणाबाईंचा मुलगा, "बरोबर आहे" म्हणाला. मनस्वी चहाचे कप उचलून आत गेली. मीही तिथंच होते. मी दोन पेढे खाल्ले आणि तोंड बंद ठेवलं. वर्गात मात्र माझं तोंड थांबत नाही.

हळदीचा दिवस. सकाळी अकराला कुंदनकडच्या बायका नवऱ्याची उष्टी हळद वाटीत घेऊन बेंजोच्या तालावर वाजतगाजत आल्या. मनस्वीला पाटावर बसवलं. सगळ्यांनी चांगुणाबाईंकडे पाहिलं. त्या मनस्वीकडे बघत होत्या.

"आई, सुरू कर ना," ज्ञानू म्हणाला.

"बेंजो थांबव आधी."

बेंजो थांबला. चांगुणाबाई नातीसमोर मांडी घालून बसल्या.

"मनस्वी, तुना यो लगीन करायचा हाय का? नी काम सोरायचा हाय का? दोन्ही सांग. मंग मी गातंव."

ज्ञानूचा चेहरा लालबुंद झाला. कुंदनची आई म्हणाली, "हे काय नाटक? पिक्चर चाललाय का इथं?"

"पिक्चरमदी इचारत नाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "म्हनून मी इचारतंव."

"आमच्याकडे दुसरी धवलारीण आहे. तिला बोलावते."

"बोलवा. तीपन माझेसारखी बसून ऱ्हाईल. पन पोरीनं सांगल्याबिगर माझे दारात हलद लागनार नाय."

मनस्वी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. हिरव्या बांगड्यांचा हात तिनं गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाली, "कुंदन मला आवडतो. मला लग्न करायचंय. पण मी सोमवारी कामावर जाणार. लग्न झालं तरी आणि मोडलं तरी."

कुंदनच्या आईनं तिथल्या तिथं मुलाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला आणि मनस्वीचं म्हणणं त्याला सांगितलं. मला वाटतं, पोरगा आपल्या बाजूनं बोलेल याची तिला खात्री होती, आणि तो बोललाही. "तू म्हणशील तसं, आई," एवढंच. मनस्वीनं ते ऐकलं. मग पाटावरून उठली आणि आत जाऊन साडी बदलून आली.

हळदीची वाटी आली तशी परत गेली. दुपारपर्यंत मांडव उतरला. शेजारच्या दोन घरांनी पुढच्या महिन्याच्या लग्नाला चांगुणाबाईंना बोलावणार नाही असा निरोप पाठवला. "नका बोलवू," त्या म्हणाल्या, आणि निरोप आणणाऱ्या बाईला जेवू घातलं. त्या दिवशी मी त्यांच्या शेजारी बसून होते. मला माझी लाज वाटत होती आणि त्यांचा अभिमान वाटत होता. दोन्ही एकदमच.

संध्याकाळी ज्ञानू खुर्च्या मोजून परत पाठवत होता. शेवटची खुर्ची त्यानं जमिनीवर आपटली.

"आई, तू माझ्या पोरीचं लग्न मोडलंस."

चांगुणाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"मी मोडला नाय रं, ज्ञानू. मी फकस्त इचारला."