पावसात पास न झालेली तीनचाकी

किस्से काही कुणी मुद्दाम जमवत नाही. मी सत्तावीस वर्षं एका वर्कशॉपचं स्टोअर सांभाळलं, म्हणून सांगतो. उरलासुरला बोल्ट माणूस "असू द्या, लागेल कधीतरी" म्हणून डब्यात टाकतो, आणि निवृत्त व्हायच्या वेळी बघावं तर डबा जागचा हलत नाही. आमच्या चौघांच्या किश्श्यांचं तसंच झालंय. त्यातले निम्मे केशव निमसेच्या तीनचाकीचे, आणि त्यातलेही निम्मे पावसातले. आता नगरसारख्या कोरड्या गावात राहून पावसातले किस्से कुठून आले, ते सांगतो. घाई असेल त्यानं आत्ताच उठावं.

आधी माणसं. एकाहत्तर-बहात्तरच्या सुमाराला आम्ही चौघं नागापूरच्या एमआयडीसीत एका लहानशा वर्कशॉपला होतो. दुपारचा डबा माझ्या स्टोअरमध्ये बसून एकत्र खायचो. केशव फिटर. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पाय गेले ते गेलेच, पण दंड असे की आवळलेला नट दुसऱ्या कुणाला सुटत नसे. गाडे वेल्डर. सव्वासहा फुटांचा गडी, मनानं लोणी, आणि कुणाचंही काहीही उचलायला एका पायावर तयार. कुलकर्णीनाना इन्स्पेक्शनला. अंगावर मांस नाही, आवाज नाही, पण त्यांनी खडूनं 'ओके' लिहिल्याशिवाय एक वॉशरसुद्धा गेटबाहेर जात नसे. घरी पोळीही उलटसुलट बघून खातात, असं गाडे म्हणायचा. चौथा मी, बापू.

आमच्या शॉपचा एक नियम होता. दुसऱ्याच्या मशीनला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. "हात लावू का?" असं विचारायचं. तो "लाव" म्हणाला तर लावायचा, "नको" म्हणाला तर मुकाट्यानं आपल्या जागेवर जायचं. मालकसुद्धा विचारायचे.

केशवनं हा नियम स्वतःच्या अंगालाही लावून घेतला होता. तो तेव्हा हातानं पेडल मारायच्या तीनचाकीवरून निंबळकहून यायचा. गेटपाशी उंबरा होता. गाडे रोज तिथं उभा. "केशव, हात लावू का?" आणि केशव रोज, "नको." मग हातांच्या जोरावर तीनचाकी मागे-पुढे, मागे-पुढे करत एकदाची आत. तोवर मागे सायकलवाल्यांची रांग.

*

गाड्याच्या लग्नातली गोष्ट. कार्यालयाला सात पायऱ्या होत्या. घरात केशव जमिनीवर बसून हातांवर सरकत सगळीकडे फिरायचा, पण चारचौघांत तसं सरकायचं म्हटलं की त्याला मरणाची लाज. म्हणून जिथं पायरी तिथं केशव नाही, हे ठरलेलं. तो दारात तीनचाकीवर बसून राहिला.

मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आधी नवरदेव मुंडावळ्यांसकट बाहेर. मागे त्याचा मामा ओरडतोय, भटजी खोळंबलेत. गाडे म्हणाला, "केशव, हात लावू का?"

"नको," केशव म्हणाला. "बायकू वाट बघती. जा."

अक्षता त्यानं बाहेरूनच टाकल्या. त्यातल्या निम्म्या बँडवाल्याच्या डोक्यात पडल्या. आम्ही हसलो तेव्हा, पण जेवताना गाड्याला जिलबीही गेली नाही.

*

पुढं केशवच्या डोक्यात इंजिन शिरलं. भंगारातून एका जुन्या मोपेडचं इंजिन आणलं, आणि चार महिने जेवणाच्या सुट्टीत आम्ही डबे एका हातानं खाल्ले. गाड्यानं चेसिस जोडून दिली. ब्रेक हातात, गिअर हातात, मागे सामानाला एक फळी. आणि सगळ्यात नामी म्हणजे छत्री. सीटमागे पाइप, पाइपला पकड, पकडीत भली मोठी काळी छत्री. दोन्ही हात मोकळे.

नानांनी दोन दिवस तपासणी केली. चाकाखाली झोपून काय, ब्रेकची तार मोजून काय. आम्ही पेढे घेऊन उभे. नाना उठले, धोतर झटकलं आणि खडू परत खिशात ठेवला.

"पास नाही करता येणार."

"का?" गाडे अंगावरच गेला.

"छत्री बसवली म्हणजे पावसात वापरणार. पावसात टेस्ट कुठं झालीय?"

आता आली का पंचाईत. नगरमध्ये दोन वर्षं पाऊस धड पडला नव्हता. विहिरींना तळ दिसत होता. केशव आभाळाकडे बघून म्हणाला, "नाना, तुमी मला पास करायला ढगाला चिठ्ठी द्या आता."

पेढे मात्र आम्ही खाल्ले.

*

गाड्यानं उपाय काढला. रविवारी सकाळी त्यानं कुठूनशी बागेला पाणी घालायची झारी पैदा केली. केशव गाडी चालवणार, गाडे शेजारून पळत झारीनं पाऊस पाडणार, नाना मागून सायकलवर निरीक्षण करणार, आणि मी बादली घेऊन पुढच्या वळणावर.

पहिल्याच फेरीला रस्त्यात एक म्हातारी आडवी आली. डोक्यावर रिकामा हंडा. तिनं आधी झारीकडे बघितलं, मग गाडीकडे, मग सव्वासहा फूट गाड्याकडे.

"मानसाला प्यायला पानी न्हाई, आन् तुमी गाडीला आंघूळ घालता व्हय रं?"

गाड्यानं झारी तिच्या हंड्यात ओतली. माझी बादलीही तिनंच नेली. टेस्ट तिथं संपली. नानांनी वहीत लिहिलं, 'पाण्याअभावी तहकूब.'

तेव्हा केशवच म्हणाला, "पाऊस इथं येत न्हाई तर आपनच जाऊ त्याच्याकडं." आपल्याच जिल्ह्यात तिकडं अकोल्याच्या अंगाला, भंडारदऱ्याला पाऊस नुसता कोसळतोय, असं पेपरात येत होतं. पंधरा ऑगस्टला जोडून चार दिवसांची रजा टाकली. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही चौघं सहलीला निघालो, तेही इन्स्पेक्शनसाठी.

*

संगमनेरपर्यंत ओळखीच्या ट्रकमधून गेलो. मागचं फळकूट पाडलं, फळी लावली, आणि केशव गाडीसकट वर चढला. कुणालाही हात लावू दिला नाही. पुढं मात्र एसटी होती. कंडक्टरनं तीनचाकीला प्रदक्षिणा घातली.

"टपावर जागा न्हाई. भाजीच्या पाट्या भरल्यात. आन् हे नेमकं काय हाय?"

"माझे पाय हायेत," केशव म्हणाला. "तुमी व्हा पुढं. मी रस्त्यानं येतो."

"लई पाऊस हाय तिकडं."

"त्याच्यासाठीच चाललोय."

गेला की हो. फटफट करत, डोक्यावर छत्री उघडून, कोरड्या ठणठणीत संगमनेरातून. लोक वळूनवळून बघत होते. आमची एसटी दीड तास उशिरा सुटली, राजूरच्या अलीकडे रस्त्यावर पाणी आलं म्हणून तासभर थांबली, आणि आम्ही पोचलो तेव्हा दिवेलागण होत आलेली. नानांनी सगळ्या वाटेत खिडकी सोडली नाही. दर वळणाला खड्ड्यात काही काळं दिसलं की "छत्री आहे का ती?" म्हणून विचारायचे.

विश्रामगृहाच्या व्हरांड्यात केशव कपबशीनं चहा पीत बसला होता. नखशिखांत भिजलेला, चिखलानं माखलेला, दात वाजतायत. नाना धावत गेले ते थेट गाडीकडे.

"प्लग कोरडा आहे?"

"प्लग कोरडा हाय," केशव म्हणाला. "मी वला हाय. पन माझी टेस्ट न्हवती ना?"

त्या विश्रामगृहाला एकही पायरी नव्हती. नानांनी त्यासाठी तीन पत्रं पाठवून चौकशी केली होती, हे मला चौकीदारानं सांगितलं.

त्याच चौकीदाराला केशव विचारत होता, "इथला धबधबा कुटून दिसतो?"

"खाली उतरावं लागतं. वरून नुसता आवाज येतो."

"पायऱ्या किती?"

"बासष्ट."

केशवनं कप खाली ठेवला. "सात असत्या तरी तेच," म्हणाला. आम्ही कुणी वर बघितलं नाही.

*

दुसऱ्या दिवशी धरणाच्या बाजूच्या रस्त्यावर अधिकृत टेस्ट. पाऊस असा की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागे. गाडी झकास चालली. ब्रेक लागले. नानांच्या हातात वही, वहीवर माझी टोपी.

"आता इंजिन बंद करून दाखवा," नाना म्हणाले.

केशवनं इंजिन बंद केलं. आणि गाडी चालतच राहिली. कुणाला कळेना. नंतर कळलं, मागून आलेला वारा त्या भल्या मोठ्या छत्रीत भरला होता. चढावर, बिनइंजिनाची, झपाझप. केशव ब्रेक दाबतोय, चाकं ओल्या रस्त्यावरून घसरतायत, आणि नाना मागे पळत विचारतायत, "स्पीड किती? स्पीड किती?"

गाड्याला राहवलं नाही. चार ढांगांत त्यानं गाडी गाठली, मागून फळीला मिठी मारली, आणि चिखलात पाय मुरगाळून आडवा झाला. तेवढ्यात छत्री उलटी झाली आणि गाडी आपसूक थांबली.

केशव वळून परत आला. गाड्याचा घोटा बघता बघता वांग्याएवढा झाला होता.

"विचारलं हुतंस का?" केशव म्हणाला.

"न्हाई."

"मग? नियम कशाला हाय?" असं म्हणाला, आणि मागची फळी स्वतःच्या बाहीनं पुसली. "बस."

सव्वासहा फुटांचा गाडे त्या फळीवर गुडघे कानापाशी घेऊन बसला आणि केशवनं त्याला विश्रामगृहात आणलं. एवढं वजन, एवढा पाऊस, तरी गाडी हू की चू न करता आली. आम्ही नानांकडे बघितलं. नानांनी खिशात हात घातला. बोटांना नुसता पांढरा लगदा आला.

"खडू भिजला," नाना म्हणाले. "ओके नगरला गेल्यावर."

*

शेवटच्या दिवशी सकाळी आम्ही धबधब्याच्या वाटेवर, पायऱ्यांच्या तोंडाशी उभे होतो. खालून आवाज असा येत होता की छातीत धडधडावं. दिसत काहीच नव्हतं, नुसतं धुकं आणि शेवाळलेल्या पायऱ्या. गाडे फळीवर बसलेला, घोट्याला नानांचा पंचा बांधलेला.

"नाना, बापू, तुमी या जाऊन," गाडे म्हणाला. "मी बसतो केशवपाशी."

"तू जा की," केशव म्हणाला.

"पाय टेकत न्हाई रं. कसा जाऊ?"

केशव त्याच्याकडे बघत राहिला. मग खाली पायऱ्यांकडे बघितलं. तिथं आणखी पाचपंचवीस माणसं होती, नाशिककडची एक सहल होती, बायामुलं होती. मला त्याच्या मानेवरची शीर दिसत होती.

"पाय कशाला लागतो?" तो एकदम म्हणाला. सीटवरून खाली उतरला, पहिल्या पायरीवर बूड टेकलं, तळहात मागे रोवले आणि एक पायरी खाली सरकला. "हे असं. आधी हात, मग बूड. घाई करायची न्हाई. ये."

गाडे उतरला. त्याच्या शेजारी बसला, आणि सव्वासहा फुटांचा तो माणूस केशवच्या हुकमानं एकेक पायरी सरकायला लागला. "हात लांब टाक. आरं, कोपर वाकवू नको. हां."

नाशिकची मंडळी बघत होती. एक बाई पदर तोंडाला लावून हसल्या. केशवच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या, पण तो थांबला नाही. मी अजून उभाच होतो, तोच नानांनी हातातली छत्री मिटली, धोतराचा काचा मारला आणि त्या शेवाळावर सरळ बसले.

"घसरडं आहे," नाना मला म्हणाले. "हीच पद्धत सुरक्षित दिसते."

मग मीही बसलो. असे आम्ही चौघं, इंजिनीअरिंग कारखान्याचे चार जबाबदार इसम, बासष्ट पायऱ्या बुडावर उतरलो. खाली पोचलो तेव्हा समोर ते पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं आणि तुषारांनी डोळे उघडता येत नव्हते. केशव मांडीवर हात ठेवून बघत बसला. पाऊण तास. कुणी हाक मारली नाही. डोळे पुसत होता, ते तुषार की काय, कुणी विचारलं नाही. माझेही ओलेच होते.

परत चढायची वेळ आली. केशव पायऱ्यांना पाठ करून हातांवर उलटा चढायला लागला. एक पायरी, दुसरी, तिसरी. आयुष्यभर दुसरं केलं काय त्यानं. आम्ही तिघंही त्याच्यामागं तसेच, हातांवर उलटे. आम्ही विसाव्या पायरीला धापा टाकत होतो तेव्हा तो वरच्या धुक्यात दिसेनासा झाला. चाळिसाव्या पायरीवर नानांनी छातीला हात लावला आणि आडवे झाले. मी त्यांच्या बाजूला. गाडे आमच्या खाली एका पायरीवर, तळहात सोललेले, दंड थरथरतायत.

वरून आवाज आला. केशव चढून गेला होता आणि आमच्यासाठी पुन्हा वीसेक पायऱ्या खाली सरकत आला होता. आमच्या डोक्याशी बसला. तिघांकडे आळीपाळीनं बघितलं, मग गाड्याकडे.

"गाडे," म्हणाला, "हात लावू का?"

गाड्यानं वर बघितलं. पावसाचं पाणी त्याच्या नाकावरून ओघळत होतं.

"लाव," गाडे म्हणाला.