कोरा बिल्ला, न भरणारं बोट

पाइपांचे जोड किरणांनी तपासण्यात त्याची बावीस वर्षं गेली. जोडात केसाएवढी चीर असली तरी फिल्मवर तिला पकडणारा हा माणूस, आणि फसला कुणाकडून, तर स्वतःच्या साडूकडून!

साडू त्याच कामावरचा फोरमन. घाई असली की ओरडायचा, "बिल्ले खणात टाका रे!" किती किरणं लागली ते मोजणारा हा छातीवरचा बिल्ला; त्याचा आकडा वाढला की माणसाला कामावरून बाजूला बसवतात. म्हणून सगळेच तो खणात ठेवायचे, हाही ठेवायचा. अशाच एका घाईच्या दिवशी फोरमन म्हणाला, "किरणं सोडणारी गोळी शिशाच्या पेटीत परत गेलीय, नळी सोडव." यानं मुकाट्यानं सोडवली. गोळी नळीतच होती.

काही दिवसांनी उजव्या हाताची तर्जनी लाल झाली, फुगली, फुटली. चौकशी लागली तेव्हा साडूनं बेधडक लिहून दिलं: चहाच्या किटलीनं भाजलं, बिल्ला तर कोरा आहे. वाचून याच्या अंगाचा तिळपापड झाला. किटली म्हणे! हा तर चहाच पीत नव्हता.

"जाऊ द्या ना, घरचाच माणूस आहे," बायको म्हणाली. "माझ्या ताईकडे तरी बघा."

"त्यानं बघितलं का माझ्याकडे?"

चार महिने झाले तरी जखम भरेना. डॉक्टरीणबाईंनी समजावलं. कातडीच्या पेशींत मायटोकॉन्ड्रिया असतात, पेशीला लागणारी बहुतेक शक्ती तेच तयार करतात. किरणांनी त्यांचीच वाट लावलेली. पेशी जिवंत असली तरी नवी कातडी आणायचं बळ तिच्यात उरत नाही, आणि बिघडलेले मायटोकॉन्ड्रिया आतून आणखी नासधूस करत राहतात.

"हे भिंगाखाली दिसतं?" यानं विचारलं.

"जखमेच्या कडेचा तुकडा काढून तपासला तर दिसेल. नुसत्या तेवढ्यानं सिद्ध होणार नाही, पण बाकीच्या खुणांशी जुळलं तर किटलीची थाप टिकायची नाही." बाईंनी जखमेवर पट्टी पुन्हा बांधली. "पण ती जागा पुन्हा भरेलच असं नाही. नीट जपलंत तर बोट बहुधा वाचेल. तुकडा काढला तर जाऊही शकतं."

"काढा."

"घरी विचार तरी करा."

"चार महिने दुसरं काय केलंय?"

न्याय वगैरे त्याच्या डोक्यात नव्हता. त्याला साडूचं उतरलेलं तोंड बघायचं होतं, बस्स. बायकोनं आठवडाभर अबोला धरला. तरी यानं तुकडा दिला.

बाईंचा अहवाल सगळ्या खुणांशी जुळला. तो चौकशीत वाचून दाखवला, तसा बाकीच्या कामगारांनाही कंठ फुटला आणि खणातले बिल्ले बाहेर आले. फोरमनचा परवाना गेला, नोकरी गेली. तोवर जखम चिघळली होती, तर्जनी मुळापासून काढावी लागली होती.

निकालानंतर साडूनं त्याला जिन्यात गाठलं. तोंड खरंच उतरलं होतं. "एवढ्यासाठी स्वतःचं बोट घालवलंस आणि माझं घर बुडवलंस. झालं समाधान?"

"नाही," हा म्हणाला. "अजून नऊ आहेत."